तुमचं गाठोडं परत न्या

एप्रिल संपत आला की कोकण रेल्वेच्या गाड्यांतून आणि रात्रीच्या खासगी बसमधून चाकरमानी गावी उतरतात, आणि त्यांच्याबरोबर गाठोडी उतरतात. जुन्या चादरीत बांधलेली, मॉलच्या पिशव्यांत कोंबलेली. "वयनी, कोणाक तरी दी. चांगले आसत, एक-दोनदाच घातलेले." हे वाक्य न ऐकलेलं घर मालवण तालुक्यात सापडणार नाही. मी ते बरीच वर्षं ऐकून घेतलं. आता घेणार नाही.

गाठोडं सोडलं की आत काय निघतं ते सांगते. चेन बिघडलेली जीन्स. ताणून सैल पडलेल्या लेगिंग्ज. कंपनीचं नाव छापलेले, कुठल्याशा मॅरेथॉनचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट. टिकल्या गळालेले, मानेला बोचणारे लग्नातले ड्रेस. आणि आहेराच्या साड्या. एका लग्नात मिळाल्या म्हणून दुसऱ्या लग्नात दिलेल्या, तिथून तिसऱ्या लग्नात गेलेल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या, कारण त्या नेसण्यासाठी कोणी घेतलेल्याच नसतात. मे महिन्याच्या घामात अंगावर ठेवता येईल असं सुती कापड शोधायला बसलं तर अख्खं गाठोडं उपसून एखादा कुर्ता हाती लागतो. बाकीचं परसात खड्डा करून जाळावं लागतं, कारण आमच्या वाडीत कचऱ्याची गाडी येत नाही. पॉलिएस्टर जळता जळता वितळतं. काळा धूर माडांत अडकून राहतो आणि खाली उरलेला टणक गोळा पहिल्या पावसात व्हाळाला लागतो.

देणारा मात्र समाधानानं मुंबईला परत जातो. त्याच्या लेखी ते दान असतं. खरं म्हणजे त्यानं कपाट रिकामं केलेलं असतं, दिवाळीत ते पुन्हा भरायचं म्हणून, आणि त्याच्या खरेदीचा कचरा आमच्या दारात आलेला असतो.

हे फक्त आमच्या तालुक्याचं दुखणं नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये देशभरातून जुन्या कपड्यांचे ट्रक गेले. घर गमावलेल्या माणसांनी त्या कपड्यांना हात लावला नाही. रस्त्याच्या कडेला ढीग पडून राहिले. तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रं आली होती आणि ती पाहून 'गरिबांना किंमत नाही' असं म्हणणारे लोकही होते. किंमत नव्हती ती पाठवणाऱ्याला. ज्या माणसाचं छप्पर पडलं त्यानं बटण नसलेला शर्ट पाहून हात जोडावेत, अशी त्याची अपेक्षा होती. दिल्लीच्या 'गूंज' संस्थेनं १९९९ पासून याच विषयावर काम उभं केलं. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्यासाठीच. गावानं आपली विहीर खणावी, रस्ता नीट करावा, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून निवडलेले, धुतलेले, दुरुस्त केलेले कपडे घ्यावेत, ही त्यांची पद्धत. तिथे कपडा कमावलेला असतो. आमच्याकडे येतो तो फेकलेला.

माझं म्हणणं असं. जुनं कापड चांगलं असेल तर ते आधी तुम्ही घाला. तुम्ही म्हणजे ज्याच्या खिशात नवं घेण्याइतके पैसे आहेत ते सगळे. उन्हाळाभर घाला. बँकेत घाला, शाळेत शिकवताना घाला, पंचायतीच्या सभेत घाला, लग्नात घाला. आणि ते तुमच्या अंगावर घालण्याच्या लायकीचं नसेल तर दुसऱ्या कोणाच्याही अंगावर घालण्याच्या लायकीचं नाही.

मालवणात मे महिन्यात पारा पस्तिशीच्या आसपास थांबतो. विदर्भासारखा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जात नाही. पण हवेत इतकं पाणी असतं की घाम वाळतच नाही. अशा हवेत काय घालावं हे ठरवायला कोणा जाणकाराची गरज नाही, तरी आकडा सांगते, कारण आकड्याशिवाय पटत नाही असे लोक आहेत. प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या हवेत १०० ग्रॅम कोरडं सुती कापड सुमारे साडेआठ ग्रॅम ओल धरतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. घाम कातडीवर तसाच चिकटून राहतो, कापड अंगाला डकवल्यासारखं बसतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१४ साली २६ माणसांना व्यायामाच्या सायकलवर घाम गाळायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले होते. पॉलिएस्टरच्या शर्टांना सुती शर्टांपेक्षा जास्त घाण वास होता, आणि वास निर्माण करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर अधिक वाढले होते. आमच्या एसटीत मे महिन्याच्या दुपारी उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला हा निष्कर्ष नवा नाही.

सुती कापडातही नव्यापेक्षा जुनं बरं. नव्या कापडाला खळ असते, सूत ताठ असतं. धुऊन धुऊन खळ पूर्ण जाते, सूत मऊ होतं, कापड पातळ पडतं, वारा आरपार जातो. हे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून तान्ह्या मुलाची दुपटी नव्या कापडाची करत नाहीत, आजीच्या जुन्या लुगड्याची करतात. जगात आलेल्या माणसाच्या अंगाला लागणारं पहिलं कापड दुसऱ्याचं वापरलेलं असतं, आणि ते सगळ्यांत मऊ म्हणून निवडलेलं असतं. तेच मूल मोठं होऊन मोठ्या भावाचा शर्ट घालायला लाजतं. ती लाज त्याला कोणी तरी शिकवलेली असते.

आणि हे चांगलं सुती कापड या किनाऱ्यावर आलं कुठून? आमच्याच माणसांनी विणलं. माझे बाबा लोअर परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या, म्हणजे तेव्हाच्या एकाच जिल्ह्यातल्या, घराघरातून माणसं गिरणगावात गेली. गाळ्यात राहिली, खानावळीत जेवली, कापसाच्या धुळीनं छाती भरून घेतली आणि देशाला कापड पुरवलं. खटावची वायल, फिनलेची मलमल, मोरारजीचं शर्टिंग ही नावं आमच्या आयांच्या तोंडात देवांच्या नावांसारखी होती. मिलच्या दुकानातून सवलतीत घेतलेलं कापड सुट्टीला येताना ट्रंकेत यायचं. आईला वायलची साडी, आजीला लुगडं, मुलांना एकाच ताग्यातले शर्ट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पुन्हा आत जाता आलं नाही. कित्येक जण पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. तिथे जाऊन तुम्ही जो शर्ट घेता, तो त्या जमिनीवर कधी काळी विणलेल्या शर्टाच्या जवळपासही जात नाही. आणि विणलेला तो शर्ट गावच्या माजघरातल्या ट्रंकेत आहे. तो काढून घालायची तुम्हाला लाज वाटते.

मी घालते. बाबांचे सुती अर्ध्या बाह्यांचे शर्ट मी कमरेत थोडे आत घेऊन सलवारीवर घालते. आईच्या वायलच्या दोन साड्या मधून विरल्या होत्या. विरलेला भाग काढून टाकला आणि चांगले दोन तुकडे जोडून घेतले. पूर्वी लुगड्याला दंड घालायचे तसंच. शिवण दिसते, दिसू दे. आजीचं एक हिरवं लुगडं फाडून त्याचे दोन सैल झगे शिवले. ते मी घरात घालत नाही, बाहेर घालते. मालवणच्या बाजारात, मासळी घ्यायला, कुडाळला कामाला. उन्हाळ्यात यापेक्षा चांगलं काही माझ्याकडे नाही आणि यापेक्षा महाग काही विकत घेऊन मला तो गारवा मिळणार नाही.

आता ज्यांच्याबद्दल मला खरं बोलायचं आहे त्यांच्याकडे येते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजूच्या बागांत काजी गोळा करणाऱ्या बायका बघा. साडीवर नवऱ्याचा किंवा दिराचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, डोक्याला जुन्या धोतराचा तुकडा. काजूचा चीक कातडी जाळतो, त्याचा डाग कापडावरून जात नाही. ऊन आहे, काटे आहेत, बोंडवांवर घोंगावणाऱ्या माश्या आहेत. या सगळ्याला पुरून उरणारा पोशाख त्या बायकांनी स्वतः शोधून काढला. कातळावर काम करणाऱ्या, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या, आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकाही हाच घालतात. रापण ओढणारे पुरुषही जुना फुल शर्टच घालतात. भर उन्हाळ्यात रोज अंगावर असलेला, दुसऱ्याचा वापरलेला, विचार करून निवडलेला असा पोशाख या जिल्ह्यात दुसरा नाही.

आणि त्याच बायका संध्याकाळी बाजारात जायच्या आधी तो शर्ट काढून पिशवीत दडवतात. माझ्या शेजारच्या काकूला मी विचारलं, ती म्हणाली, "ह्यां घालून बाजारात कशी जातलंय? लोक हसतले." कोण हसणार? हसणारे आम्हीच. दुकानदार, शिक्षक, बँकेतले, मुंबईहून आलेले. ती दुपारभर ज्या कापडात सुरक्षित असते ते कापड आम्ही तिच्या गरिबीची खूण ठरवलं. मग ती पॉलिएस्टरची, झगमगीत फुलांची साडी नेसते, तीत घामानं भिजते, मांडीला घामोळं उठतं, आणि आम्हाला ती नीटनेटकी वाटते. मला याची चीड येते. मुंबईच्या मुली हल्ली पुरुषांचे ढगळ शर्ट दोन हजार रुपयांना घेऊन तारकर्लीच्या वाळूवर फोटो काढतात. फोटो काढणारीच्या मागे, होमस्टेच्या अंगणात झाडलोट करणारी बाई तसाच शर्ट घालून असते, आणि कोणी कॅमेरा तिच्याकडे वळवला की तो काढायला आत पळते.

आमच्यापासून तेरेखोल नदी ओलांडली की गोवा. हणजुण्यातला बुधवारचा बाजार सत्तरच्या दशकात हिप्पींनी सुरू केला, तेव्हा तिथे मुक्काम लांबवण्यासाठी ते स्वतःच्या अंगावरचे, सामानातले कपडे विकत. आज गोव्यातल्या आणि वांद्र्यातल्या दुकानांत चाळीस वर्षांपूर्वीचा सुती शर्ट व्हिंटेज म्हणून हँगरला लावतात आणि नव्यापेक्षा महाग विकतात. कोविडच्या टाळेबंदीनंतर मोबाईलवर जुने कपडे विकणाऱ्यांचं पीक आलं. हौसेनं जुनं घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांतल्या बऱ्याच मुली मनापासून घालतात. पण परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांना भुलणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. वापरलेल्या कपड्यांची आयात आपल्या देशात परवान्याशिवाय करता येत नाही, ती का ते तुम्ही विचारलंत का? श्रीमंत देश दर वर्षी जे टाकतात ते कुठे तरी ओतावं लागतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात त्याचे डोंगर झाले. घानामधल्या आक्रा शहराच्या किनाऱ्यावर त्या कपड्यांचे दोरखंड वाळूतून बाहेर येतात. तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यांत ते अडकतात. आमच्याही किनाऱ्यावर कोळी राहतात. बाहेरचं जुनं आणून घालण्याची हौस करण्याआधी स्वतःच्या आजीची ट्रंक उघडा.

ट्रंक उघडायची म्हटलं की पहिला अडथळा येतो तो मेलेल्या माणसाचा. बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांचा शर्ट घालून देवळात गेले, तेव्हा एक वयस्कर आत्या मला थांबवून म्हणाली, "गो बाय, मेलल्या माणसाचा शर्ट अंगार घालतंस, तुका भय वाटना नाय?" तिच्या मनात माया होती, म्हणून तिला तिथे काही बोलले नाही. इथे बोलते. काही घरांत माणूस गेला की त्याचे कपडे जाळतात, नाही तर खाडीत सोडतात. त्याचं घर मात्र ठेवतात, त्याचे कलमांचे बाग ठेवतात, त्याची भांडी ठेवतात, त्याचं सोनं तर बाराव्या दिवसाआधी वाटून घेतात. त्याच्या सोन्याची भीती वाटत नाही आणि त्याच्या सुती शर्टाची वाटते, हे मला मान्य नाही. माझ्या बाबांचा घाम त्या शर्टात जिरला आहे. तो शर्ट दुसऱ्या कोणाचा असता तरी धुवून मी घातला असता.

आणि दुसऱ्यानं वापरलेलं कापड अपवित्र असतं म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरला जाऊन यावं. अंबाबाईला वाहिलेल्या साड्या भाविक प्रसाद म्हणून पैसे मोजून घेतात. नवरात्रात तिरुपतीहून आलेल्या शालूचा लिलाव होतो. देवीच्या अंगावरून उतरलेलं वस्त्र डोक्याला लावून घरी आणायचं आणि आईच्या अंगावरून उतरलेलं भांडीवालीला देऊन त्यावर स्टीलचा डबा घ्यायचा! आईच्या वायलच्या साड्यांवर ज्यांनी डबे घेतले त्यांच्या स्वयंपाकघरात मी ते डबे पाहिले आहेत. साड्या पुन्हा मिळणार नाहीत. ज्या साच्यांवर त्या निघाल्या ते साचे भंगारात गेले.

रोगाचं भय मात्र खोटं नाही आणि ते मी झटकणार नाही. आमच्या दमट हवेत गजकर्ण आणि नायटा घरोघरी आहे. कपड्यांतून तो पसरू शकतो. म्हणून अंतर्वस्त्रं, मोजे, अंग पुसायचे पंचे दुसऱ्याचे घेऊ नयेत. बाकीचं सुती कापड कढत पाण्यात भिजवावं, साबणानं धुवावं, वैशाखाच्या उन्हात दोन्ही बाजूंनी कडक वाळवावं. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. सुती कापड उकळतं पाणी सोसतं, पॉलिएस्टरवर इस्त्री जरा गरम फिरली की कापड आक्रसतं. स्वच्छ ठेवायला सोपं काय आहे ते यावरून ठरवा. आणि मिरगाच्या आधी सगळ्या ट्रंका खळ्यात काढून कपड्यांना ऊन दाखवायचं, घड्यांत वेखंड घालायचं, हे आमच्याकडे नेहमी व्हायचं. ज्या घरांत ते थांबलं तिथे कसर लागली, बुरशी आली, आणि मग 'जुने कपडे वास मारतात' ही तक्रार सुरू झाली.

या सगळ्यात एकच आक्षेप असा आहे की ज्याच्यापुढे मी थांबते. तो आक्षेप दलित घरांतून येतो. आमच्या पिढ्यांना उतरण घालावं लागलं, मढ्यावरचं कापड आमच्या वाट्याला आलं, आणि आता आम्ही नवा शर्ट शिवून घेतो तर तुम्ही आम्हाला जुन्याचं माहात्म्य सांगायला आलात. हे म्हणणं पूर्ण खरं आहे. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधणारही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना कपड्यांविषयी जे सांगितलं त्याचा गाभा हा होता की ठिगळं असली तरी चालतील, कपडा स्वच्छ असावा, आणि अंगावर काय घालायचं हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. जातीनं नेमून दिलेला पोशाख टाकून द्यायचा. हक्क हा शब्द तिथे सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या बाबांच्या साचेखात्यातच बघा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम विभागात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मी ज्या कापडाचं कौतुक करते आहे ते विणण्यातूनही एका समाजाला बाहेर ठेवलं होतं. हे सांगितल्याशिवाय गिरणीच्या कापडावर लिहिणं अप्रामाणिक झालं असतं.

म्हणूनच गाठोड्यांवर माझा राग आहे. उतरण वरून खाली देण्याची ती जुनीच रीत आहे, फक्त आता ती मॉलच्या पिशवीतून येते. वाडीतल्या कोणाच्या घरी गाठोडं जातं हे बघा. ते कधी सरपंचाच्या घरी जात नाही, डॉक्टरांच्या घरी जात नाही. ज्यांच्या आजोबांनाही उतरणच मिळालं त्यांच्याच दारात जातं. ही रीत मोडायची असेल तर जुनं कापड गरिबाच्या अंगावरून निघून ऐपतवाल्याच्या अंगावर आलं पाहिजे. आमच्याच जिल्ह्यात याचा धडा आहे. कणकवलीजवळ १९४८ साली गोपुरी आश्रम उभा करणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी भंगीकाम मला करू द्या म्हणून मागणी केली, ती नाकारली म्हणून उपास धरला, आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना साथ दिली. ब्राह्मण घरातल्या त्या माणसानं सफाईच्या कामाची थोरवी सफाई करणाऱ्यांना ऐकवली नाही. ते काम स्वतः मागून घेतलं. जुन्या कपड्याची थोरवी सांगणाऱ्यांनी, माझ्यासकट, तेवढंच करावं. दलित वस्तीतल्या मुलाला कडक नवा शर्ट हवा असेल तर तो त्याला मिळावा. जुना शर्ट घालून मिरवायची जबाबदारी माझी, बँक मॅनेजरची, हॉटेलवाल्याची, मुख्याध्यापकांची.

हॉटेलवाल्यांना एक वेगळं सांगते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावर जी कपड्यांची दुकानं वाढली त्यांत माडांची चित्रं छापलेले पॉलिएस्टरचे शर्ट-चड्डीचे जोड टांगलेले असतात. पर्यटक शनिवारी घेतो, रविवारी समुद्रात घालतो, सोमवारी खोलीत टाकून जातो. खोली आवरणाऱ्या बाईला ते 'बक्षीस' मिळतं. तिच्या नवऱ्याला ते होत नाही, मुलाला आवडत नाही, आणि एका धुण्यात रंग जातो. प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे बारीक तंतू सुटून कर्लीच्या खाडीत जातात, मग समुद्रात, जिथून आमची मासळी येते. तुम्ही तुमच्या पाहुण्यांना सुती लुंगी आणि जुन्या धोतराचे सदरे वापरायला द्या, धुवून पुढच्या पाहुण्याला द्या. चादरी तशाच देता ना? त्या चादरीवर आधी शेकडो लोक झोपलेले असतात आणि कोणी तक्रार करत नाही.

आणि शिंप्यांचं. तालुक्याच्या गावात पूर्वी रफू करणारे होते, कॉलर उलटी करून देणारे होते. शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून उलटी लावायची, शर्ट आणखी चार वर्षं जायचा. आज मी हे काम घेऊन गेले की शिंपी म्हणतो, ताई, यापेक्षा नवा घ्या. त्याचं चुकत नाही. दुरुस्तीला आम्ही वीस रुपये द्यायला कुरकुरतो आणि रेडिमेडच्या दुकानात हजार रुपये न बोलता मोजतो. दुरुस्तीची मजुरी नव्या शिवणाएवढी द्या. मी देते. माझ्या गावात दोन बायका आता हे काम घेतात, कारण त्यांना त्याचे नीट पैसे मिळतात, आणि त्यांच्या हातचा दंड इतका बारीक असतो की कापड उजेडाकडे धरल्याशिवाय जोड दिसत नाही.

येत्या मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न आहे. हळदीला ती तिच्या आजीची वायल नेसणार आहे, पिवळी, काठाला दोन ठिकाणी रफू केलेली. हे तिनंच ठरवलं. आहेर घेणार नाही आणि देणार नाही, असं पत्रिकेवर छापलं आहे. मानपानाच्या त्या सिंथेटिक साड्यांचा एकही गठ्ठा आमच्या घरातून निघणार नाही. मुलाकडच्या एका काकांनी फोन करून विचारलं, लोक काय म्हणतील, मुलीला एक नवी साडीसुद्धा नाही का? मी त्यांना सांगितलं, पाहुण्यांनीही यावं ते घरातलं जुनं सुती घालून यावं. मांडव खळ्यात आहे, पंखे तीनच आहेत, आणि मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा आहे.